दुप्पट ऑर्डर आली आहे, कर्ज काढून आणखी दोन सीएनसी घ्याव्यात का?

तीन सीएनसी (संगणकावर चालणारी, धातू कापणारी मशीन), सात माणसं, एकच शिफ्ट. महिन्याचं काम १० लाखांवरून २० लाखांवर जाणार, तर दोन मशीन घ्यावीत का आणि कुठल्या योजनेतून, असं तुम्ही विचारलंय. योजनेचं बँकेत विचारा. तारण नसेल तर सीजीटीएमएसईची, म्हणजे छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टची, हमी आहेच. पण आत्ता मशीन घेऊ नका, दुसरी शिफ्ट लावा. रात्री बंद असलेल्या मशीनचाही हप्ता चालूच असतो.

कारखाने मशीनअभावी अडत नाहीत, उधारीने अडतात. स्टील बहुतेक रोखीने, १५ दिवसांचा साठा. शॉपमध्ये माल १५ दिवस. गिऱ्हाइकाकडे ९० दिवस. म्हणजे पैसा फिरायला चार महिने. वर्षाच्या २.४० कोटींच्या उलाढालीला ढोबळ ८० लाख अडकणार. बँक सीसी (कॅश क्रेडिट, खेळत्या भांडवलाचं कर्ज) देते अंदाजित उलाढालीच्या २० टक्के, म्हणजे ४८ लाख, आणि तुमचे ५ टक्के, १२ लाख. ही रीत तीन महिन्यांचं चक्र धरून बसवलेली आहे, त्यामुळे २० लाखांचं भगदाड पहिल्या दिवसापासून असतं. त्यात ९० दिवसांपुढची उधारी बँक सहसा हिशेबात धरत नाही, आणि गिऱ्हाइकाने पैसे दिले नसले तरी जीएसटी पुढच्या महिन्यात भरावाच लागतो.

म्हणून बिलावर उद्यम क्रमांक (सरकारी लघुउद्योग नोंदणीचा) छापा आणि पैशांची मुदत ऑर्डरवर लिहून घ्या. कायद्याने लेखी करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, असेल तरी जास्तीत जास्त ४५. त्यापुढे उशीर झाला तर आयकर कायद्यामुळे (१९६१च्या कायद्यातलं ४३बी(एच) कलम) गिऱ्हाइकाला तो खर्च पैसे देईपर्यंत वजा करता येत नाही, त्यामुळे मार्चमध्ये, वर्षअखेरीला, तुमचे फोन उचलले जातात. बँक रेटच्या तिप्पट व्याजाचा हक्क कायद्यात आहे, पण तो मागितलात की पुढची ऑर्डर विसरा. गिऱ्हाईक मोठी कंपनी असेल तर ट्रेड्सवर (बिलं वटवायच्या ऑनलाइन मंचावर) बिल वटवायला सांगा. व्याज त्यांची पत बघून ठरतं आणि त्यांनी बुडवलं तर बोजा तुमच्यावर येत नाही.

दुसऱ्या शिफ्टला आधी सेटर (मशीन जुळवून देणारा) घ्या, मग तपासनीस, मग ऑपरेटर. नेमकं उलटं केलं जातं. रात्री इन्सर्ट (कापणारं पातं) झिजतो, ऑफसेट (झिजेपुरती मापाची दुरुस्ती) कोणी देत नाही, बोअर (नगाचं भोक) मापाबाहेर जातो आणि सकाळी अख्खी ट्रे भंगारात. शिफ्टचा पहिला नग तपासून सही झाल्याशिवाय सायकल चालू करू देऊ नका.

आता पीएफ टाळायला "१९च्या वर माणूस घेऊ नका, बायकोच्या नावावर दुसरी फर्म काढा" हा सल्ला तुम्हाला मिळेलच. तो मूर्खपणाचा आहे. जागा, मशीन, गिऱ्हाईक एकच असेल तर पीएफवाले दोन्ही फर्म एकत्र धरतात आणि मागची वसुली दंड-व्याजासह लावतात. १५,००० पगारावर पीएफचे मालकाचे १३ टक्के म्हणजे १,९५०, आणि ईएसआयचे (कामगारांच्या आरोग्य विम्याचे) ३.२५ टक्के म्हणजे सुमारे ४८८. एवढ्यासाठी आयटीआय झालेला पोरगा चाकणला जातो आणि मालक म्हणतात, पोरं टिकत नाहीत! तुमच्याकडे दहावा माणूस येताच ईएसआय लागेल, विसावा येताच पीएफ. दर ठरवतानाच हे धरा.

हे सगळं मशीनिंगपुरतं. फाउंड्री (धातू वितळवून ओतायचा कारखाना) असेल तर विजेचा मंजूर भार आधी बघा. आणि ऑर्डर एकाच गिऱ्हाइकाची असेल तर दुसऱ्या शिफ्टची माणसं घेण्याआधी किमान सहा महिन्यांचं शेड्यूल लेखी मागा.