जॅक डॅनियल्सला बर्बन का म्हणत नाहीत?

जॅक डॅनियल्स ही अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातली व्हिस्की, आणि बर्बन हा अमेरिकन व्हिस्कीचा एक प्रकार. खरं तर बर्बनच्या अटी ती पूर्ण करते: धान्यात किमान ५१ टक्के मका, आतून जाळलेलं ओकचं कोरं पिंप, वरून रंग किंवा चव घालायची नाही. बर्बन केंटकी राज्यातलीच हवी असंही नाही, अमेरिकेत कुठेही बनलेली चालते. फरक पिंपात भरण्याआधी पडतो. टेनेसीत ताजी गाळलेली दारू शुगर मेपलच्या कोळशाच्या जाड थरातून हळूहळू झिरपवतात, त्यामुळे तिचा उग्रपणा उतरतो. म्हणून तिला बर्बन न म्हणता ‘टेनेसी व्हिस्की’ म्हणतात, आणि २०१३ पासून त्या नावासाठी राज्याच्या कायद्यानेच हे बंधनकारक केलंय. एका डिस्टिलरीला तेवढी सूट आहे.

ज्याच्या नावाने ही व्हिस्की ओळखली जाते त्या जॅक डॅनियलला दारू गाळायला शिकवलं निअरेस्ट ग्रीन यांनी. ते तेव्हा गुलामगिरीत राबणारे कृष्णवर्णीय कारागीर होते. कंपनीने त्यांचं नाव ठळकपणे सांगायला २०१६ उजाडावं लागलं, हे मला फार खटकतं.