ब्लॉक आयलंडचे काचेचे गोळे: एका दिवसात सापडतील का?

प्रश्न थोडक्यात असा: बॉस्टनहून जुलैत एका दिवसासाठी ब्लॉक आयलंडला, म्हणजे अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याच्या किनाऱ्याजवळच्या छोट्या बेटावर जायचंय, बरोबर सात आणि दहा वर्षांची मुलं, शिवाय पुण्याहून आलेले सासू-सासरे. मुलांना तिथे लपवलेले काचेचे गोळे शोधायचेत. नक्की कुठे बघायचं?

‘नक्की कुठे’चं उत्तर कुणाकडेच नाही, आणि कुणी छातीठोक सांगत असेल तर ऐकू नका. आमच्या पाच उन्हाळ्यांत सहा फेऱ्या झाल्या, हाती लागले दोन गोळे. त्यातला एक जागेवर ठेवून आलो, ते शेवटी सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एबेन होर्टन नावाचे काच फुंकणारे कलाकार ऱ्होड आयलंडमध्येच राहतात. त्यांच्या भट्टीतून 2012 पासून हा खेळ चालू आहे. पूर्वी मासेमारीच्या जाळ्यांना तरंगायला जसे पोकळ काचेचे गोळे बांधत, तसेच हे, मोठ्या मोसंब्याएवढे. हल्ली हंगामाला 550 असतात. प्रत्येकावर बेटाच्या आकाराचा ठसा, साल आणि क्रमांक. रंगीत मात्र सालाच्या शेवटच्या दोन आकड्यांइतकेच, म्हणजे 2023 मध्ये 23. बाकी सगळे बिनरंगी. त्यामुळे मुलांना निळ्या-जांभळ्या गोळ्यांचे फोटो दाखवून नेऊ नका, त्यांची नजर भलतंच शोधत राहते. पाचोळ्यात बिनरंगी काच पाणी साचल्यासारखी दिसते, बस.

सगळे एकदम लपवत नाहीत. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत स्वयंसेवक थोडे थोडे ठेवत जातात, तेव्हा जुलैत उशीर झाला असं मुळीच नाही.

आता नियम, कारण अर्धं उत्तर त्यातच आहे. गोळा पायवाटेच्या कडेपासून फूटभरात असतो. किनाऱ्यावर असला तर भरतीच्या रेषेच्या वर. वाळूच्या टेकड्यांत किंवा कड्यांच्या उतारावर कधीच नसतो. तरी दरवर्षी लोक तिथे चढतात, गवत तुडवतात आणि रिकाम्या हाताने उतरतात. माणशी एका हंगामात एकच गोळा घ्यायचा, आणि सापडला की बेटाच्या पर्यटन मंडळाकडे क्रमांक नोंदवायचा.

बेटावर जागोजागी दगडावर दगड रचलेले जुने बांध आहेत. आपल्या कोकणातले गडगेच! माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा ते बघून “अगो, हे तर आपल्याकडचंच” म्हणत हात फिरवत उभी राहिली होती. अशाच एका गडग्याच्या फटीत आम्हाला गोळा सापडला, पण म्हणून दगड काढून बघू नका. फटीत डोळ्यांनी दिसला तर दिसला.

जायचं कसं? मुख्य भूमीवरच्या पॉइंट ज्युडिथ बंदरातून बोट घ्या. साधी बोट साधारण 55 मिनिटं घेते, वेगवान 30. गाडी इकडेच ठेवा. गाडीसाठी जागा फार आधी धरावी लागते आणि एका दिवसाला तिची गरजही नाही. बेटावरच्या ओल्ड हार्बर बंदरात उतरलात की टॅक्सीवाले उभे असतात, ते तासाभरात बेट फिरवतात. सासू-सासऱ्यांसाठी हे उत्तम. साउथईस्ट दीपगृह त्यात येतंच. कडा ढासळत चालला म्हणून 1993 मध्ये ती अख्खी विटांची इमारत उचलून सुमारे 300 फूट आत सरकवली. माझे सासरे निवृत्त स्थापत्य अभियंता, त्यांना त्यापुढे गोळाबिळा काही सुचेना. मोहेगन ब्लफ्स नावाच्या कड्यांवरून किनाऱ्यावर उतरणाऱ्या पायऱ्या मात्र गुडघे दुखणाऱ्यांनी वरूनच बघाव्यात. दीडशेच्या आसपास आहेत, आणि खाली पुन्हा गोटेच.

बेटावर ग्रीनवे नावाचं पायवाटांचं जाळं आहे, सगळ्या मिळून 25 मैलांहून जास्त. एका दिवसात एकच घ्या. मी रॉडमन्स हॉलो सुचवेन, हिमनदीने मागे ठेवलेला मोठा खोलगा, झाडोरा दाट. क्ले हेडही सुंदर, पण तिथल्या आडवाटांच्या जाळ्यात लहान मुलं घेऊन शिरलात तर परतीची बोट चुकेल. आमची चुकली आहे.

गोचिडींबद्दल मात्र गंमत नाही. बेटावर हरणं आहेत, गोचिडी आहेत, आणि त्यांच्यातून लाइम नावाचा आजार होतो. जुलैत त्यांची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात, सहज दिसत नाहीत. फिक्या रंगाच्या लांब पँट, पायमोज्यांत खोचलेल्या, वर कीटकरोधक फवारा. रात्री आंघोळीच्या वेळी कानामागे, काखेत, गुडघ्यामागे, केसांत हात फिरवून बघा. तीन-तीन पानांची पॉयझन आयव्हीही गडग्यांवर चढलेली असते. ती मुलांना आधी फोटोत दाखवून ठेवा, नाहीतर खाजकुइली परवडली म्हणाल.

डबा न्या. दशम्या आणि चटणी उन्हातही टिकतात, आणि शाकाहारी ज्येष्ठांना बंदराजवळ फ्रेंच फ्राइजवर भागवावं लागत नाही.

आमचा पहिला गोळा आईला सापडला. मुलं पुढे धावत गेलेली, ती दम लागून एका गडग्याशी टेकली. मला वाटलं पाणी हवंय. तर म्हणाली, “हे बघ काय आहे.” दोन दगडांमध्ये गोळा, त्यावर अर्धवट पसरलेलं कोळ्याचं जाळं, एक गोगलगाय चिकटलेली. आईने गोगलगाय आधी पानावर ठेवली, मग गोळा पदराने पुसला. ठशावर 412.

दुसरा त्याच दिवशी, तासाभरात, आईलाच. म्हणजे नियमाप्रमाणे तो आपला नाही. तो माझ्या लेकाच्या नावावर घेता आला असता, पण सापडला आईला, आणि ती ऐकेना. लेकाने भोकाड पसरलं. शेवटी गोळा होता तिथेच ठेवला आणि आम्ही थोडं लांब बसून दशम्या खाल्ल्या, कोण उचलतंय ते बघत. बोटीची वेळ होईपर्यंत तीन कुटुंबं गेली. एक मुलगा त्याच्याच शेजारी बसून बुटाची नाडी बांधून गेला. लेक माझा हात इतका घट्ट धरून बसला होता की वळ उठले.