आधी कपाटं बघ, मग जंगल

वटवाघळांचा अभ्यास करायचाय ना? मग डिटेक्टर, म्हणजे त्यांचे आपल्याला न ऐकू येणारे आवाज पकडणारा डबा, घ्यायची घाई करू नकोस. फळं खाणारी बहुतेक वटवाघळं डोळ्यांवर आणि नाकावर भागवतात, आवाजावर नाही, म्हणून त्यांच्यामागे तो डबा घेऊन फिरणं फुकट. आधी संग्रहालयातले जुने नमुने बघ. १९४८ साली अँगस हटन यांनी तामिळनाडूतल्या हाय वेव्ही डोंगरांत, म्हणजे आजच्या मेघमलईत, एक वटवाघूळ मिळवलं. आखूड नाकाचं नेहमीचं फळवाघूळ म्हणून ते मुंबईत, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात पडून राहिलं. थायलंडच्या कित्ती थोंगलोंग्या यांनी ते नीट तपासलं आणि १९७२ साली नुसती नवी जात नाही, अख्खा नवा वंश जाहीर केला: लॅटिडेन्स सलीमअलीआय. (पक्ष्यांच्या माणसाचं, सलीम अलींचं, नाव वाघळाला, हे मला फार आवडतं.) शेपूट नाही, आणि दोन्ही जबड्यांत पटाशीच्या दातांची एकेकच जोडी! हे उघडून बघितल्याशिवाय कसं कळणार?

म्हणून रंगावर जाऊ नकोस. कवटी आणि दात वाचायला शिक. जंगलात मात्र परवानगी आणि रेबीजच्या लसीशिवाय हात लावायचा नाही. नोंदीत जागा, त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख लिही; खात्री नसेल तर जातीचा रकाना कोरा सोड.