खिडकीच्या पडद्यांसाठी पुढे-मागे आणि वर-खाली करता येणारं ब्रॅकेट स्वतः डिझाइन करायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुमची खिडकी मी न बघताच ओळखली. ठाण्यात कासारवडवलीचा नवा टॉवर, हॉलला ८ फुटी स्लायडिंग, भोवती पाऊण इंच पुढे आलेली ग्रॅनाइटची चौकट आणि वर लगेच बीम. आत पातळ शीअर, पुढे जाड ब्लॅकआउट असे दोन पडदे तुम्हाला हवेत. पडदेवाल्याने लावलेल्या ठराविक मापाच्या ब्रॅकेटवर मागचा पडदा ग्रॅनाइटला घासतोय आणि रॉड उजवीकडे उतरलेला दिसतोय. तुमचा मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे, ड्रॉइंग काढता येतं, म्हणून सगळीकडून ॲडजस्ट होणारं ब्रॅकेट बनवून घ्यायचा विचार आहे.

बनवा. पण "सगळीकडून" हा शब्द आधी खोडा.

माझा वागळे इस्टेटला पत्राकामाचा गाळा आहे. मुख्य काम इलेक्ट्रिकच्या पॅनेल बॉक्सचं. ब्रॅकेटचं काम एका इंटिरियरवाल्या मित्रामुळे गळ्यात पडलं आणि पहिल्याच खेपेला चांगलंच अंगाशी आलं. मित्राला ४० नग हवे होते. मी दोन पट्ट्या घेतल्या, दोन्हींना लांब खाचा पाडल्या, मध्ये एक एम६ (६ मिमी जाडीचा) बोल्ट आणि चक्री (वॉशर). पुढे-मागे सरकतं, वर-खाली फिरतं, दिसायला झकास. पातलीपाड्याच्या एका घरात ते लागले आणि महिन्याभरात सगळ्यांनी माना टाकल्या. तुटलं काहीच नव्हतं, पण रॉड पुढून वाकून नमस्कार घालत होता. मित्र काही बोलला नाही. त्याची बायको बोलली.

चूक कुठे होती ते आकड्यांत सांगतो, कारण तुमच्या डिझाइनचा गाभा इथेच आहे. पडद्याचं वजन फार नसतं. तुमचा रॉड दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा फूट जास्त धरून ९ फूट, म्हणजे २.७ मीटर. पडद्याची उंची २.३ मीटर, चुण्यांसाठी कापड दुप्पट. साडेबारा चौरस मीटर कापड झालं. ब्लॅकआउट ३०० जीएसएमचं (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) धरलं तर पावणेचार किलो. २५ मिमी व्यासाचा, १ मिमी जाडीचा स्टीलचा रॉड मीटरला ६०० ग्रॅम, म्हणजे आणखी दीड किलोच्या वर. एकूण साडेपाच किलोच्या आत.

पण ब्रॅकेट साडेपाच किलोसाठी करायचं नसतं. आमची आई दिवाणावरून उठताना हाताला लागेल ते धरून उठते, आणि खिडकीशेजारी हाताला पडदाच लागतो. लहान मुलं लोंबकळतात ते वेगळंच. बाविसाव्या मजल्यावर खिडकी उघडी राहिली आणि जूनमधला वारा आत घुसला की पडद्याचं शीड होतं. म्हणून मी एका ब्रॅकेटच्या टोकावर २० किलो धरतो. पुढचा रॉड भिंतीपासून १५० मिमीवर असेल तर ३० न्यूटन-मीटरचा मोमेंट, म्हणजे फिरवणारा जोर, झाला. एकुलता एम६ बोल्ट ॲलन कीने जीव खाऊन आवळलात तरी चक्रीखालच्या घर्षणातून पाच-सहा न्यूटन-मीटर मिळाले तर डोक्यावरून पाणी. सांध्यात एकच बोल्ट असेल तर ती बिजागरी असते, कितीही आवळा.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. खाच वजनाच्या दिशेला कधीही पाडायची नाही. वजन खाली ओढतं, तर खाच आडवी. मग वजन घर्षणावर न येता खाचेच्या काठावर येतं आणि पोलाद ते मुकाट सोसतं. उभी ॲडजस्टमेंट हवी असेल तर ती आट्यांवर द्या. रॉड ज्या कपात बसतो त्या कपाखाली एक एम६ स्क्रू उभा ठेवा, वर-खाली फिरवा, खालून चेक नट, म्हणजे स्क्रू जागचा हलणार नाही. एम६ चा पिच १ मिमी, म्हणजे एक फेरा एक मिलिमीटर. यापेक्षा बारीक ॲडजस्टमेंट घराला लागत नाही.

दुसरी गोष्ट. ॲडजस्टमेंट पडद्यासाठी लागते असं वाटतं, पण पडद्याची मापं ठरलेली असतात. बदलते ती भिंत. तुमचा रॉड उजवीकडे उतरलेला दिसतोय ना? पाणसळ लावून बघा, रॉड कदाचित सरळच असेल आणि बीमची खालची कड दोन सूत उतरलेली असेल. डोळा रॉडची तुलना बीमशी करतो. अशा वेळी रॉड बीमच्या कडेला समांतर ठेवायचा, पाणसळीला नाही. हे पाहून माझा सुतार अजून नाक मुरडतो, पण घरमालक खूश असतो. (ब्लाइंडचं उलट आहे. रोलर ब्लाइंडचा पाइप दोन-तीन मिलिमीटर जरी तिरका असला तरी कापड गुंडाळताना एका बाजूला सरकत जातं आणि कड ब्रॅकेटला घासून विरते. तिथे पाणसळच. आणि साखळी भिंतीला क्लिपने ताणून लावा, लोंबती ठेवू नका. लहान मुलाच्या गळ्याला अशा साखळीचा फास बसू शकतो.)

म्हणून ड्रॉइंग काढण्याआधी एक रविवार भिंतीला द्या. ओळंबा, पाणसळ, मेजरिंग टेप आणि ड्रिल. तिन्ही ब्रॅकेटच्या (दोन कडेला, एक मध्ये) जागी भिंत किती पुढे-मागे आहे ते लिहून काढा. मग प्रत्येक जागी एक बारीक भोक पाडून भुसा बघा. करडा आणि ड्रिल कण्हत असेल तर आरसीसी. लाल असेल तर वीट, पण ती तुमच्याकडे निघायची नाही. लाल भुसा वाशी-नेरूळच्या जुन्या सिडको घरांत निघतो. पांढुरका, पिठासारखा आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर सिपोरेक्सचा, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचा, ब्लॉक. तुमच्याकडे गंमत अशी होणार की मधलं ब्रॅकेट बीमवर येईल आणि कडेची दोन, रॉड खिडकीबाहेर अर्धा फूट काढल्यामुळे, ब्लॉकवर यायची शक्यता आहे. एकाच रॉडखाली दोन जातींची भिंत.

सिपोरेक्सला ड्रिलचं हॅमर बंद ठेवा, नाहीतर भोक सैल होतं. प्लग, म्हणजे स्क्रूसाठी भोकात ठोकायची गिट्टी, लांब घ्या. नव्या टॉवरमध्ये वरचा १०–१२ मिमी थर जिप्समचा असतो आणि त्यात अडकलेली गिट्टी म्हणजे लाडवात खोवलेला बेदाणा. गिट्टी त्याच्या पलीकडे, खऱ्या भिंतीत जायला हवी. बीममध्ये उलटा त्रास. भोक २५–३० मिमी आत गेलं की सळई लागते आणि ड्रिल जागच्या जागी नाचायला लागतं. म्हणूनच भिंतीकडच्या प्लेटला आडव्या खाचा द्यायच्या, २५ मिमी लांब. सळई लागली तर भोक अर्धा इंच बाजूला, ब्रॅकेट आपल्या जागी. आणि एसीचा पॉइंट खिडकीवर असेल तर त्याची वायर कुठून खाली आली आहे ते बिल्डरच्या नकाशात बघितल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका.

गिट्टीवरून आठवलं. नायलॉनचा हा प्लग जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी १९५८ मध्ये काढला. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरात मात्र भिंतीत लाकडाची गुल्ली ठोकलेली होती, तिच्यात आकडा आणि दोन आकड्यांत ताणलेली स्प्रिंगची तार. अर्ध्या खिडकीचा पडदा त्यावर. विचार केला तर तेच सगळ्यात ॲडजस्टेबल होतं. खिडकी केवढीही असो, तार ओढा आणि अडकवा. फक्त मधोमध पोट सुटायचं.

आता मापं. आयलेटच्या (वर रॉड ओवायच्या कड्या असलेल्या) पडद्याची घडी साधारण चार ते पाच इंच खोल पडते, म्हणजे रॉडच्या मागे निम्मी. शीअरची थोडी कमी. ग्रॅनाइट २० मिमी, शीअरची अर्धी घडी ४५, म्हणजे मागचा रॉड भिंतीपासून निदान ६५–७० मिमीवर. दोन रॉडमध्ये ८० ते ८५. पुढचा १५० वर आला. भिंतीच्या चुकीसाठी पुढे-मागे १५-१५ मिमी सरकायला पुरे. १०० मिमीची खाच पाडून मिरवू नका. प्रत्येक जास्तीचा मिलिमीटर ब्रॅकेट लांब आणि लवचिक करतो.

भिंतीकडची प्लेट उंच हवी. हा मुद्दा दुकानातल्या ब्रॅकेटमध्ये सर्रास चुकवलेला दिसतो, कारण छोटी प्लेट नाजूक दिसते. वरच्या स्क्रूवर येणारी ओढ म्हणजे टोकावरचं वजन गुणिले रॉडचं अंतर, भागिले वरच्या स्क्रूपासून प्लेटच्या खालच्या कडेपर्यंतची उंची. २० किलो, १५० मिमी आणि उंची ३० मिमी असेल तर स्क्रूवर १०० किलोची ओढ. उंची ७५ मिमी केली की ४० किलो. गिट्टी तीच, स्क्रू तोच, भिंत तीच. सिपोरेक्समध्ये तर स्क्रू टिकणार की भोकासकट बाहेर येणार हे इथेच ठरतं.

हात, म्हणजे पुढे येणारा भाग, पट्टीचा करत असाल तर पट्टी उभी ठेवा. २५×३ ची पट्टी आडवी आणि उभी यांच्या ताठपणात जवळजवळ ७० पट फरक पडतो. माझ्या चाळीस नगांत ती आडवी होती, तेही सांगून टाकतो. उभ्या पट्टीत आडवी खाच पाडून ती प्लेटच्या वळवलेल्या कानाला दोन बोल्टांनी धरायची, बोल्टांमध्ये ४० मिमी अंतर. खाच पट्टीच्या बरोबर मधून जाऊ द्या, काठ दोन्हीकडे सारखे राहिले पाहिजेत. मोमेंट आता खाचेचे काठ घेतात, घर्षणाकडे फक्त पडदा ओढताना होणारं पुढे-मागे सरकणं राहतं.

इथे एक बारीक भानगड आहे. एम६ साठी पुस्तकातलं नेहमीचं भोक ६.६ मिमी. खाच तेवढीच ठेवलीत तर बोल्टाला अर्ध्या मिलिमीटरहून जास्त जागा मिळते आणि ४० मिमीवरची ही ढिलाई १५० मिमीवर दोन मिलिमीटरहून जास्त झुकाव होऊन दिसते. लेझरवाल्याला ६.४ सांगा. पावडर कोटिंग प्रत्येक काठावर ६०–८० मायक्रॉन चढतं, म्हणजे शेवटी सव्वासहाच्या आसपास उरेल. शिवाय फायनल आवळताना रॉडखाली हात देऊन थोडा वर उचलून धरा, म्हणजे जी काही ढिलाई आहे ती आधीच संपलेली असते.

पत्रा प्लेटसाठी २.५ मिमीचा सीआर (कोल्ड रोल्ड स्टील) पुरतो. भिंतीच्या खाचा बेंडच्या रेषेपासून पत्र्याच्या जाडीच्या निदान तिप्पट लांब ठेवा, नाहीतर वाकवताना खाच ओढली जाऊन अंड्यासारखी होते आणि बेंडिंगवाला दोष तुमच्या ड्रॉइंगला देईल. तो बरोबरच असेल.

स्टेनलेसचा मोह असेल तर एवढंच. बाजारात २०२ ग्रेड ३०४ म्हणून सहज खपवतात आणि चुंबक लावून दोन्ही ओळखता येत नाहीत. खाडीच्या हवेत २०२ ला पावसाळ्यात तांबूस ठिपके येतात. मी सीआर आणि चांगलं पावडर कोटिंगच घेतो.

ब्रॅकेट तीन लागतील. सलग रॉड तीन टेकूंवर असेल आणि पडदा पूर्ण पसरलेला असेल तर मधल्यावर पाच अष्टमांश वजन येतं, कडेच्या प्रत्येकावर तीन सोळांश. पडदा उघडला की सगळं कापड कडेला जमतं आणि हिशोब उलटतो. म्हणून तिन्ही सारखीच करा. पण ९ फुटी रॉडला जोड असेल तर तो मधल्या कपातच येऊ द्या. आयलेटचा पडदा मधलं ब्रॅकेट ओलांडत नाही हे घरात आधी सांगून ठेवा, म्हणजे दोन पल्ले दोन बाजूंना.

एवढ्या थोड्या नगांसाठी वागळे किंवा रबाळ्याचा लेझरवाला फारसा उत्साह दाखवणार नाही. त्याला कटिंगपेक्षा सेटिंगलाच जास्त वेळ लागतो. शनिवारी दुपारी जा, ड्रॉइंग डीएक्सएफ फाइलमध्ये (लेझर मशीन वाचते ती) न्या आणि उरलेल्या पत्र्याच्या तुकड्यातून काढून द्यायला सांगा.

पण आधी एकच नग करा. तो सिपोरेक्सच्या भिंतीवर लावा, कारण अडचण तिथेच येणार. ब्रॅकेटच्या हाताच्या कडेने भिंतीवर पेन्सिलची बारीक रेघ मारा आणि पुढच्या रॉडच्या जागी पाण्याचा २० लिटरचा भरलेला जार दोरीने टांगून ठेवा, जमिनीपासून जेमतेम दोन बोटं वर आणि खाली जुनी गादी. रात्रभर राहू दे. सकाळी हात रेघेखाली उतरला असेल तर प्लेट भिंतीपासून सुटली आहे की बोल्टापाशी सरकलं आहे ते बघा आणि दोन्ही जागांचे फोटो इथेच टाका. पुढचं मग बघू.