लॉ कॉलेजातलं विद्यार्थी मंडळ नेमकं चालतं कसं?

तुम्ही विचारलंय की कॉलेजात विधी विद्यार्थी मंडळ नव्यानं सुरू करायचंय, तर अध्यक्ष कसा निवडायचा, पैसे कुठून आणायचे, घटना लिहावी का आणि वर्षभर करायचं काय. मी सिंधुदुर्गातल्या एका लॉ कॉलेजातून तीन वर्षांचा एलएलबी केला. त्यातली दोन वर्षं मंडळात होतो, आधी खजिनदार आणि मग सचिव. मोठ्या शहरातल्या कॉलेजांचं गणित वेगळं असेल. मी आमच्याकडचं सांगतो.

घटनेपासूनच सुरुवात करतो, कारण आम्हीही तिथूनच केली आणि फसलो. कायद्याची पोरं एकत्र आली की पहिल्या बैठकीत घटना लिहायला बसतात. आमच्या आधीच्या तुकडीनं अकरा पानी घटना लिहिली होती. त्यात अविश्वास ठरावाला दोन तृतीयांश बहुमत लागेल असं कलम होतं, पण पावतीपुस्तक कोणाकडे राहील याबद्दल एक ओळ नव्हती. आम्ही ती बाजूला ठेवली आणि एका पानावर चार गोष्टी लिहिल्या: पदं कोणती, मुदत किती, पैसे कोणाच्या सहीनं निघणार, दप्तर कोणाकडे राहणार. तेवढं पुरतं. आणि एक लक्षात ठेवा, कॉलेजची विद्यार्थी परिषद ही वेगळी चीज आहे, तिची तरतूद महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 मध्येच आहे. तुमचं मंडळ म्हणजे प्राचार्यांच्या परवानगीनं, एका प्राध्यापकांच्या देखरेखीखाली चालणारा गट. हा फरक पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा, नाहीतर कोणीतरी निवडणुकीचे बॅनर छापून आणतो.

अध्यक्ष हात वर करून निवडा, त्यात फार जीव अडकवू नका. अध्यक्षाचं काम म्हणजे पाहुण्यांना नारळ देणं आणि आभार मानणं. मंडळ चालवतो तो सचिव, आणि सचिव असा हवा ज्याला ऑफिसातले हेडक्लार्क नावानं ओळखतात. आमच्या वर्गात निम्मे नोकरीवाले होते. एक बँकेतला, दोन शिक्षक, एक कोतवालाचा मुलगा जो सकाळी दूध घालून लेक्चरला यायचा, आणि एक ताई, जिची मुलगी आमच्याच आवारात अकरावीला होती. या लोकांना मिरवायला वेळ नव्हता, पण वही नीट ठेवायची सवय होती. बँकेतल्या दादाला खजिनदार केल्यावर हिशेबाबद्दल आमची एकदाही भांडणं झाली नाहीत.

मुदतीचं मात्र डोकं लावून ठरवा. सगळीकडे नवं मंडळ जुलै-ऑगस्टात निवडतात. तोवर शेवटच्या वर्षाची मुलं निघून गेलेली असतात आणि नव्यांना कपाटाची चावीसुद्धा सापडत नाही. आम्ही खांदेपालट संक्रांतीच्या आठवड्यात करायला लागलो. जुने अजून वर्गातच असतात, परीक्षा लांब असते. तिळगूळ देतानाच कपाट उघडून वस्तू मोजायच्या आणि रजिस्टरवर दोघांच्या सह्या घ्यायच्या. सचिव कायम दुसऱ्या वर्षाचा, म्हणजे पद सोडल्यावरही तो परीक्षेपर्यंत मागे उभा राहतो.

आता पैसे. वर्गणी शंभर रुपये, कॉलेजच्या जिमखाना निधीतून थोडी मदत, आणि स्थानिक वकील मंडळींनी दिलेली ट्रॉफी किंवा जेवण. एवढ्यावर वर्ष निघतं. माझा स्वतःचा धडा सांगतो. खजिनदार असताना मूटच्या (म्हणजे सरावासाठी लढवायच्या खोट्या खटल्याच्या स्पर्धेच्या) ट्रॉफ्या मी घाईत खिशातून पैसे घालून आणल्या, साधारण चार हजार. दुकानदारानं कोऱ्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. ऑफिसनं विचारलं, पक्कं बिल कुठंय, आधी मंजुरी कुठंय? दोन्ही नव्हतं. पैसे गेले ते गेलेच, वर घरी बोलणी खाल्ली. तेव्हापासून नियम केला की आधी अर्ज, त्यावर प्राचार्यांची सही, मग कॉलेजच्या नावानं पक्कं बिल. बिलामागे व्हाउचर आणि व्हाउचरवर दोघांच्या सह्या. कंटाळवाणं आहे, पण पुढे वकिली करणार असाल तर ही सवय मूटपेक्षा जास्त कामाला येते.

मूट कोर्टाला मुलं आपोआप येतील, कारण त्याला गुण आहेत. बार कौन्सिलच्या (वकिली आणि कायद्याच्या शिक्षणाचे नियम करणाऱ्या देशपातळीवरच्या संस्थेच्या) 2008 च्या नियमांनुसार मूट आणि इंटर्नशिपच्या 100 गुणांच्या पेपरात 30 गुण तीन मूटचे असतात, प्रत्येकी दहा. उरलेल्यात दोन खटले प्रत्यक्ष पाहणं (एक दिवाणी, एक फौजदारी), पक्षकाराशी बोलणं, डायरी आणि तोंडी परीक्षा. मंडळानं करायचं ते एवढंच की हे गुण नुसते वाटले जाऊ नयेत. आमच्याकडे आधी काय व्हायचं? इंटरनेटवरून मूट प्रॉब्लेम उचलायचा, त्यात कुठल्यातरी काल्पनिक देशाचं संविधान असायचं, आणि मुलं पाठ केलेलं इंग्रजी भाषण ठोकायची. प्रश्न विचारला की गाडी रुळावरून खाली.

मग मी सचिव असताना आम्ही एक मूट मराठीतून घेतला. यावर मंडळात महिनाभर वाद झाला. एक गट म्हणाला, हायकोर्टाची भाषा इंग्रजी, बाहेर स्पर्धेला गेलो तर हसं होईल. दुसरा म्हणाला, आपल्यातले बहुतेक जण तालुक्याच्या कोर्टात उभे राहणार, तिथली भाषा मराठी आहे. शेवटी दोन्ही घ्यायचं ठरलं, पण पहिला मराठी. विषयही इथलाच घेतला. पारंपरिक रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे) विरुद्ध पर्ससीन नेटवाले (यांत्रिक नौकेवरून मोठं जाळं टाकणारे), 1981 च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली झालेली कारवाई, नौका जप्त, आणि मालकाचं म्हणणं की माझा धंदा करण्याचा हक्क हिरावला. ज्या मुलीनं आधीच्या मूटमध्ये दोन मिनिटांत बसून घेतलं होतं, तिचं घर देवगडकडचं, मच्छीमारांचं. ती चौदा मिनिटं बोलली. परीक्षक वकिलांनी जाळ्याच्या आसाच्या, म्हणजे भोकाच्या, आकारावरून तिला कोंडीत पकडायचा प्रयत्न केला, तर तिनं हाताच्या बोटांनी आस दाखवून त्यांनाच विचारलं, "यातून बांगड्याचं पिल्लू सुटेल का, साहेब?" तिनं "मायलॉर्ड" म्हटलं नाही हेही बरोबरच. बार कौन्सिलनं 2006 साली सांगितलं होतं की वरच्या न्यायालयांत "युअर ऑनर" किंवा "ऑनरेबल कोर्ट" म्हणावं आणि खालच्या न्यायालयांत "सर" किंवा आपल्या भाषेतला तसा शब्द वापरावा. तरी पोरं सिनेमे बघून मायलॉर्डच म्हणतात.

मूटची तारीख धरताना दुसरा किंवा चौथा शनिवार बघा. कोर्टाला सुट्टी असते. आमचा पहिला मूट आम्ही बुधवारी ठेवला होता. परीक्षक वकीलसाहेबांचा उलटतपास लांबला, ते साडेचारला आले, आणि साडेपाचला निम्मे स्पर्धक एसटी पकडायला पळाले. अंतिम फेरी दोन रिकाम्या बाकांसमोर झाली.

आणि मुलांना एकदा तरी उच्च न्यायालय दाखवा. आमच्या वेळी त्यासाठी कोकणकन्या एक्स्प्रेसनं रात्र काढून मुंबई गाठावी लागायची, खर्च ऐकूनच निम्मी नावं गळायची. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालंय आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग त्याच्याकडे आहेत. आता घाट चढलात की झालं. रायगडचे असाल तर मात्र तुम्हाला मुंबईच.

मंडळाचं खरं काम माझ्या मते कायदा मदत केंद्र. बार कौन्सिलच्या नियमांत प्रत्येक कॉलेजला ते चालवावंच लागतं, बहुतेक ठिकाणी ते दारावरच्या पाटीपुरतं असतं. आमचंही होतं. दर शुक्रवारी दुपारी दोन विद्यार्थी टेबल मांडून बसायचे आणि कोणी यायचं नाही. कोकणातला माणूस भाऊबंदकीचं दुखणं शुक्रवारी दुपारी कॉलेजात येऊन सांगत नाही. शिवाय इथले वाद जमिनीचे. सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यातली नऊ वारलेली, पाच मुंबईत, एक बडोद्याला. सहमतीनं वाटप करायचं तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे जाता येतं, पण त्याला सगळे सहहिस्सेदार राजी हवेत. ते सगळे एका छपराखाली कधी येतात? गणपतीत. मग आम्ही टेबल तिकडेच नेलं.

पाच दिवसांचे गणपती गेले की दुसऱ्या दिवशी एका वाडीतल्या देवळाच्या सभामंडपात बसायचो. लॅपटॉप, प्रिंटर, एका प्राध्यापकांबरोबर विधी सेवा समितीच्या पॅनेलवरचे एक वकील, आणि आम्ही सहा जण. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत काढता येतो, हेच अर्ध्या लोकांना माहीत नव्हतं. वारस नोंदीचा अर्ज कसा करायचा आणि कळवायला तीन महिन्यांची मुदत असते, हे उरलेल्यांना. मोठा तंटा सोडवायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही.

एक आजी आठवतात. सत्तरीच्या, नाकात मोती, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले कागद. भाऊ मुंबईहून हक्कसोडपत्र तयार करून घेऊन आला होता, दुसऱ्या दिवशी नोंदणीला जायचं ठरलं होतं. आमच्यातला एक जण कागद वाचून दाखवायला लागला, तर त्यांनी त्याचा हात धरला. "ता ऱ्हवांदे. माझा नाव खंय आसा ता माका आदी दाखव." स्क्रीनवर नाव दाखवलं. सातबाऱ्याच्या इतर हक्क या रकान्यात, आईच्या नावाखाली. त्या बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसल्या. आमच्या पोराच्या तोंडावर आलं होतं की हिंदू वारसा कायद्याची 2005 ची दुरुस्ती, 2020 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, मुलीचा हक्क जन्मानं, सही करू नका. प्राध्यापकांनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

कारण हा आमचा एकमेव कडक नियम होता. विद्यार्थी सल्ला देत नाही. 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टनं वकिली हा सनदधारकांचा हक्क आहे आणि आमच्याकडे सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, नव्हती. आम्ही ऐकायचं, एका पानावर हकीकत तारखांसह लिहायची, कागदांच्या प्रती लावायच्या आणि माणूस वकिलापर्यंत किंवा तालुका विधी सेवा समितीपर्यंत पोचवायचा. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 खाली स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट तिला लागू नाही. आजींना हे पॅनेलच्या वकिलांनीच सांगितलं. त्यांनी आमचं एक पान पिशवीत घातलं, भावाला म्हणाल्या उद्याचं राहू दे, आणि आम्हा सगळ्यांना घरी नेऊन उकडीचे मोदक खायला घातले. भाऊही पंगतीला होता, आमच्याकडे न बघता जेवत होता.

कायदा जागृतीची भाषणं शाळेत देऊ नका, पोरं झोपतात. त्यापेक्षा जत्रा धरा. आम्ही देवस्थान कमिटीला विचारून दशावतार सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं मागून घेतली आणि मोफत कायदेशीर मदत कोणाला मिळते ते सांगितलं. त्या रात्री संकासुरानं (दशावतारातल्या वेद चोरणाऱ्या राक्षसानं) रंगमंचावर येऊन आमचीच टर उडवली. "वकिलांनू, येद चोरलंय म्हणान माका पकडतत. माझी केस फुकट लढवतलात मां?" लोक हसून बेजार. आमचा एक गंभीर प्राणी मागून म्हणाला की कोठडीत असला तर कलम 12 मध्ये बसतो. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तीन जणांनी कलम 12 काय ते विचारलं. भाषणानं हे झालं नसतं.

बाकी 26 नोव्हेंबरचा संविधान दिन, 9 नोव्हेंबरचा विधी सेवा दिन, पाहुण्यांची व्याख्यानं वगैरे होतच राहतं, त्याबद्दल वेगळं सांगायला नको. व्याख्यानाला विषय मात्र जवळचा घ्या. आंबोली, गेळे, चौकुळच्या कबुलायतदार गावकर जमिनींवर (गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सामाईक धरलेल्या जमिनी) एका निवृत्त महसूल अधिकाऱ्यांना बोलावलं होतं, तेव्हा बाहेरचे लोकही खिडकीत उभे राहून ऐकत होते.

तुमची पहिली बैठक गणपतीच्या सुट्टीच्या आधी पंधरा दिवस तरी घ्या. आणि बैठकीची वेळ ठरवण्यापूर्वी सगळ्यांना त्यांच्या गावाची शेवटची एसटी कितीला सुटते ते विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आमच्या वहीत सगळ्यात वर आचऱ्याची गाडी होती, सहा वीसची.