वाचकांचे प्रश्न : ब्रिटनमधील अमेरिकन सैनिकांच्या खुणा

प्रश्न : इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात मुलीकडे गेले असताना शेतांच्या मधोमध काँक्रीटचा एक रुंद, तडे गेलेला पट्टा पाहिला. जवळच्या दगडावर एका अमेरिकन बॉम्बफेकी दलाचे नाव कोरलेले होते आणि त्यापुढे ताजी फुले ठेवलेली होती. इतक्या वर्षांनी ही फुले कोण ठेवत असेल? अशा खुणा आणखी कोठे आहेत?

उत्तर : आपण पाहिलेला पट्टा ही दुसऱ्या महायुद्धातील धावपट्टी होय. अमेरिकन सैन्याची पहिली तुकडी २६ जानेवारी १९४२ रोजी बेलफास्टच्या बंदरात उतरली आणि जून १९४४ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर चढाई झाली तोवर ब्रिटनमधील अमेरिकनांची संख्या सुमारे १५ लाखांवर गेली होती. त्यांपैकी बॉम्बफेकी विमाने चालवणाऱ्या ‘आठव्या वायुदला’चे तळ मुख्यतः नॉरफोक, सफोक आणि आसपासच्या परगण्यांत होते, कारण हा प्रदेश सपाट आहे आणि जर्मनीकडे जाणाऱ्या विमानांना तो जवळ पडतो. एकमेकींना छेदणाऱ्या तीन धावपट्ट्या, त्यांतली मोठी सुमारे १,८०० मीटर लांब, असा या तळांचा ठरावीक आराखडा असे. काहीशे वस्तीच्या गावाशेजारी दोन-अडीच हजार परदेशी तरुण एकाएकी येऊन राहिले, म्हणजे त्या गावाचे रोजचे जगणे किती बदलले असेल याची कल्पना करता येईल. मुलांच्या लेखी तर हे पाहुणे म्हणजे पर्वणीच होती. जुलै १९४२ पासून मिठाईवरही रेशन लागू झाले होते आणि अमेरिकनांच्या खिशात च्युइंग गम व चॉकलेट असे. रस्त्याने जाणाऱ्या सैनिकाकडे गम मागत त्याच्यामागे धावल्याची आठवण त्या पिढीतील असंख्य लोकांनी सांगितली आहे.

युद्ध संपल्यावर बहुतेक तळांच्या जमिनी पुन्हा शेतीखाली आल्या आणि धावपट्ट्यांचे काँक्रीट फोडून त्याची खडी रस्त्यांच्या कामी वापरली गेली. ॲटलब्रिज येथे जुन्या धावपट्टीवर टर्की पक्ष्यांच्या लांबलचक शेड उभ्या राहिल्या, तर स्नेटर्टनच्या तळावर मोटारशर्यतींचा मार्ग झाला. जे टिकले ते मात्र बहुतांशी गावकऱ्यांनी टिकवले, आणि आपण पाहिलेल्या फुलांचे उत्तरही यातच आहे. असे दगड व स्मारके सांभाळणारे स्वयंसेवक सहसा आसपासच्या गावांतलेच असतात, आणि दिवंगत वैमानिकांची मुले-नातवंडे अमेरिकेहून येतात तेव्हा त्यांना तळ दाखवायलाही तेच पुढे होतात. थॉर्प ॲबट्स येथील पडका नियंत्रण मनोरा १९७७ पासून स्वयंसेवकांनी दुरुस्त केला आणि तेथे १०० व्या बॉम्बफेकी गटाचे संग्रहालय उभारले. स्नेटर्टनजवळच्या क्विडनमच्या चर्चमध्ये रंगीत काचेच्या खिडकीत उड्डाणाच्या पोशाखातील अमेरिकन वैमानिक दिसतो.

केंब्रिजला जाणे झाले तर ‘द ईगल’ या पबच्या मागील खोलीचे छत आवर्जून पाहावे. ब्रिटिश व अमेरिकन वैमानिकांनी लायटरने, मेणबत्तीच्या ज्योतीने आणि लिपस्टिकनेही त्यावर आपली नावे आणि आपापल्या दलांचे क्रमांक लिहून ठेवले. तांबूस-तपकिरी छतावरची ही काजळीची अक्षरे वेडीवाकडी आहेत, कारण लिहिणारा टेबलावर किंवा खुर्चीवर चढून मान वर करून लिहीत होता. शहराजवळच्या मॅडिंग्ले येथे विद्यापीठाने दिलेल्या जमिनीवर अमेरिकन लष्करी दफनभूमी आहे. तेथे ३,८०० हून अधिक कबरी आहेत आणि ज्यांचे मृतदेह मिळाले नाहीत अशा ५,१२७ जणांची नावे एका लांब भिंतीवर कोरली आहेत. संगीतकार ग्लेन मिलर यांचे नाव त्यांत आहे. ते १५ डिसेंबर १९४४ रोजी बेडफर्डजवळच्या तळावरून विमानाने निघाले आणि त्यानंतर त्यांचा पत्ता लागला नाही.

डेव्हनमधील स्लॅप्टनची कथा याहून कठीण आहे. नॉर्मंडीच्या चढाईची रंगीत तालीम करता यावी म्हणून १९४३ च्या अखेरीस तेथील सुमारे ३,००० लोकांना काही आठवड्यांच्या मुदतीत घरदार, गुरेढोरे आणि उभी शेते सोडून जावे लागले. पुढे २८ एप्रिल १९४४ च्या पहाटे सराव करणाऱ्या जहाजांच्या ताफ्यावर जर्मन टॉर्पेडो नौकांनी हल्ला केला आणि सातशेहून अधिक अमेरिकन मरण पावले. चढाईचे गुपित राखण्यासाठी त्या वेळी याची वाच्यता होऊ दिली गेली नाही. अमेरिकन सैन्याने १९५४ मध्ये किनाऱ्यावर उभारलेला स्तंभ घरे सोडणाऱ्या गावकऱ्यांचे आभार मानतो, पण त्यावर या मृतांचा उल्लेख नाही. माझ्या मते ही उणीव गंभीर होती, आणि ती भरून काढली ती एका स्थानिक रहिवाशाने : त्याने सरावाच्या काळात बुडून समुद्रतळाशी पडलेला अमेरिकन शर्मन रणगाडा अमेरिकन सरकारकडून विकत घेतला, १९८४ मध्ये तो वर काढला आणि जवळच्या टॉरक्रॉसला उभा केला. आज लोक फुले वाहतात ती मुख्यतः त्या काळ्या रणगाड्यापाशी.

प्रश्न : या सैन्यात कृष्णवर्णीय सैनिकही होते ना? त्यांची आठवण कोठे जपली आहे?

उत्तर : होते, आणि त्यांची आठवण उशिरा जागी झाली. अमेरिकन सैन्य तेव्हा वर्णभेदावर विभागलेले होते. कृष्णवर्णीय सैनिकांना प्रामुख्याने मालवाहतूक, गोदामे आणि बांधकाम अशा कामांवर वेगळ्या तुकड्यांत ठेवले जाई. लँकेशायरमधील बँबर ब्रिज येथे पबमध्येही हा भेद पाळावा असा आग्रह झाला, तेव्हा तेथील पबमालकांनी ‘फक्त कृष्णवर्णीय सैनिकांसाठी’ अशा पाट्या लावल्या, असे गावात सांगतात. २४ जून १९४३ च्या रात्री गोऱ्या लष्करी पोलिसांनी तेथील एका पबमध्ये काही सैनिकांना पकडण्याचा प्रयत्न केला, गावकऱ्यांनी सैनिकांची बाजू घेतली, पुढे गोळीबार झाला आणि विल्यम क्रॉसलँड हा सैनिक मारला गेला. लष्करी न्यायालयाने मात्र बंडाचा ठपका कृष्णवर्णीय सैनिकांवरच ठेवला. त्या पबसमोर स्मृतिउद्यान झाले ते २०२२ मध्ये.

बाथच्या नागरिकांचे उदाहरण मला याहून मोलाचे वाटते. १९४२ च्या कायद्याने अमेरिकन सैनिकांवरील फौजदारी खटले ब्रिटिश न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले होते. १९४४ मध्ये लष्करी न्यायालयाने लेरॉय हेन्री या कृष्णवर्णीय सैनिकाला बलात्काराच्या आरोपावरून फाशीची शिक्षा सुनावली. पुरावा डळमळीत आहे असे वाटून बाथ परिसरातील सुमारे ३३,००० लोकांनी अर्जावर सह्या केल्या आणि नॉर्मंडी चढाईचे सरसेनापती जनरल आयझेनहॉवर यांनी ती शिक्षा रद्द केली. नॉर्मंडीची चढाई तोंडावर असताना परक्या सैनिकासाठी एवढे लोक पुढे आले, ही गोष्ट प्रत्येक पाठ्यपुस्तकात असायला हवी.

प्रश्न : माझ्या सासूबाई ब्रिटनमध्ये १९४५ साली जन्मल्या. त्यांचे वडील अमेरिकन सैनिक होते एवढेच त्यांना ठाऊक आहे. आता शोध लागू शकेल का?

उत्तर : लागू शकतो. सुमारे ७०,००० ब्रिटिश तरुणी सैनिकांच्या वधू म्हणून अमेरिकेला गेल्या, पण लग्नासाठी वरिष्ठांची परवानगी लागे आणि ती अनेकांना नाकारली गेली, कृष्णवर्णीय सैनिकांना तर सर्रास. त्यामुळे वडिलांचे नाव न लागलेली मुले पुष्कळ आहेत. सेंट लुइस येथील अभिलेखागाराला १९७३ मध्ये आग लागून त्या काळातील सैनिकांच्या बहुसंख्य वैयक्तिक फायली जळाल्या, म्हणून केवळ सरकारी कागदांवर विसंबू नये. सासूबाईंनी डीएनए चाचणी करून घ्यावी. अमेरिकेत अशी चाचणी केलेल्यांची संख्या मोठी असल्याने चुलत भावंडे सापडण्याची शक्यता चांगली आहे. त्याचबरोबर त्यांच्या आई १९४४ मध्ये कोठे राहत व काम करत होत्या हे शोधून त्या जागेजवळ कोणती तुकडी होती ते पाहावे. नॉरिच भागातील तळ असेल, तर तेथील, आठव्या वायुदलाच्या दुसऱ्या विभागाच्या स्मारक ग्रंथालयाला पत्र लिहावे.