वॉशिंग मशीन नेमकं केव्हा आवाज करतं?

मशीनच्या आवाजाबद्दल लिहिताना तो पाणी घेताना येतो, धुताना, पाणी सोडताना की पिळताना, एवढं नक्की कळवा. बिघाड कुठल्या भागात आहे, याचा अर्धा उलगडा त्यातच होतो.

प्रश्न (चोपडा) : आमचं फ्रंट लोड मशीन सहा वर्षांचं आहे. धुताना शांत असतं, पण पिळायला लागलं की घरघर सुरू होते आणि वेगाबरोबर वाढत जाते. मेकॅनिक म्हणतो बेअरिंग गेलंय, पण अजून दोन-तीन महिने निघतील. निघतील का?

उत्तर : तसं चालवू नका. आधी निदानाची खात्री घरीच करून घ्या. प्लग काढा, ड्रम रिकामा करा आणि हाताने सावकाश फिरवा. बेअरिंग चांगलं असेल तर ड्रम गुळगुळीत फिरतो. गेलेलं असेल तर खरखर तळहाताला जाणवते. मग ड्रमची वरची कड धरून वर-खाली हलवा. ड्रमबरोबर बाहेरचा टबही डोलला तर काळजी नाही, तो स्प्रिंगांवर टांगलेलाच असतो. टब जागच्या जागी आणि ड्रम एकटाच खाली-वर होत असेल, तर मेकॅनिकचं म्हणणं खरं. मागचं झाकण काढल्यावर टबच्या मधोमध गंजाचे तांबूस ओघळ दिसले, तर शंकाच उरत नाही.

बहुतेक वेळा आधी खराब होतं ते ऑइल सील, म्हणजे टबातलं पाणी बेअरिंगकडे जाऊ न देणारं रबरी कडं. त्याची रबरी कड झिजली की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि आतले छर्रे गंजतात. बोअरचं पाणी जड असेल तर ड्रमच्या शाफ्टवर, म्हणजे दांड्यावर, क्षार बसून ही कड लवकर खराब होते. म्हणून दोन्ही बेअरिंगं आणि सील एकदमच बदला. जुन्या सीलवर नवं बेअरिंग बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. बेअरिंगच्या बाजूवर ६२०५, ६२०६ असा नंबर कोरलेला असतो. मॉडेलप्रमाणे तो बदलतो, तेव्हा जुना नग दुकानात दाखवूनच नवा घ्या.

काम देण्याआधी मेकॅनिकला विचारा : टबचे दोन भाग स्क्रूने जोडलेले आहेत की टब चिकटवलेला आहे? चिकटवलेला असेल तर बऱ्याचदा अख्खा टबच बदलावा लागतो आणि खर्च कितीतरी वाढतो. मशीन उघडलेलं असतानाच ड्रमच्या पाठीमागचा तीन पायांचा अ‍ॅल्युमिनियमचा आधार पाहून घ्या. डिटर्जंट आणि ओलाव्याने तो कुरतडला जातो. त्याला तडा असेल तर नव्या बेअरिंगचा काही उपयोग नाही.

घाई एवढ्यासाठी, की पिळताना ड्रम मिनिटाला हजार-बाराशे फेरे घेतो. ढिल्या बेअरिंगवर शाफ्ट झिजतो, ड्रम टबला घासतो, आणि दुरुस्तीजोगं मशीन भंगारात जातं.

प्रश्न (रावेर) : पाणी सोडताना खडखड होते आणि पाणी हळू उतरतं. केळीच्या बागेतले कपडे यातच धुतो.

उत्तर : खिशातला खडा, खिळा किंवा नाणं ड्रेन पंपात पोचलं असणार. फ्रंट लोडमध्ये पुढे खाली छोटी झडप असते, तिच्या आत फिल्टर. प्लग काढा, पाणी गार असल्याची खात्री करा, खाली पसरट भांडं आणि जुना टॉवेल ठेवा. फिल्टर डावीकडे थोडा थोडाच सैल करा; साठलेलं पाणी बरंच निघतं. मग टॉर्च लावून आतली पाती काडीने फिरवून पाहा. ती अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरते. आत चुंबक असल्याने ते तसंच असायला हवं. पाती मोडलेली किंवा डगमगती असेल तर पंप बदला. बागेतले कपडे खिसे उलटे करून, झटकून, माती एकदा बादलीत खळबळून मगच मशीनमध्ये टाका.

प्रश्न (अमळनेर) : सेमी ऑटोमॅटिकचा स्पिनर चिरचिरतो, सावकाश फिरतो आणि जळक्या रबरासारखा वास येतो.

उत्तर : ब्रेक सुटत नसावा. झाकण बंद केलं की एक वायर ताणली जाते आणि ब्रेकची पट्टी चाकापासून बाजूला होते. वायर सैल पडली की पट्टी घासत राहते. प्लग काढून मागचं झाकण उघडा. दुसऱ्या कुणाला स्पिनरचं झाकण उघडबंद करायला सांगा आणि पट्टी पुरती सुटते का ते पाहा. वायर गरजेपुरतीच ताणा. जास्त ताणली तर झाकण उघडल्यावरही स्पिनर थांबत नाही. अशा स्पिनरमध्ये कुणी हात घातला तर मोठी इजा होते. नुसता गुणगुण आवाज येतोय आणि स्पिनर हलतच नाही, असं झालं तर लगेच बंद करा, नाहीतर मोटर जळेल. टबाखाली रुमाल किंवा मोजा अडकलाय का पाहा. नसेल तर मोटर सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर तपासून घ्या.

प्रश्न (शहादा) : नवं फ्रंट लोड पहिल्याच दिवशी धाडधाड करत जागेवरून सरकलं.

उत्तर : ताबडतोब बंद करा. वाहतुकीत टब हलू नये म्हणून मागच्या बाजूला तीन-चार लांब बोल्ट लावलेले असतात, ते तसेच राहिले असतील. ते काढा, भोकांना सोबत आलेली प्लास्टिकची बुचं लावा. बोल्ट जपून ठेवा, घर बदलताना लागतील. काढूनही आवाज राहिला, तर चारही पाय फरशीला टेकलेत का ते पाहा.